नकाशापूर्वीची मसलत

इमारत उभी राहिली की तिच्या दर्शनी शिळेवर वास्तुविशारदाचे, मक्तेदाराचे आणि उद्घाटनास आलेल्या महनीय गृहस्थांचे नाव कोरले जाते; परंतु त्या इमारतीची पहिली रेघ कागदावर उमटण्यापूर्वी एका मेजाभोवती कोण कोण बसले होते, कोणाला वेळेवर बोलावणे गेले होते आणि कोणाला ते सगळे ठरून गेल्यावर गेले, याची नोंद शिळेवर तर नसतेच, पण बहुधा दप्तरातही नसते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ‘हरित’ या विशेषणाने ज्या इमारती मिरवू लागल्या, त्यांच्या छपरावरील सौरपट्टांविषयी, दुहेरी काचांविषयी आणि पाण्याच्या पुनर्वापराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते वाचून वाचकाचा असा समज व्हावा की हा सारा इतिहास नव्या यंत्रसामग्रीचा इतिहास आहे. जुनी कागदपत्रे चाळू लागले म्हणजे मात्र निराळेच चित्र दिसू लागते. पहिल्यावहिल्या हरित इमारतींत वापरलेली बहुतेक सामग्री आधीपासून बाजारात उपलब्ध होती. नवीन होती ती त्या सामग्रीविषयी निर्णय घेण्याची रीत, आणि त्या रीतीला लागणारी वेळेवरची मसलत.

ही मसलत मुळात मोडली कशी, हे आधी सांगितले पाहिजे. वाड्याच्या काळी धनी, गवंडी आणि सुतार हे जोत्याच्या जागेवरच उभे राहून चौक केवढा, पडवी कोणत्या अंगाला आणि भिंत किती हाताची, हे ठरवीत असत. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच मानस नाही, कारण त्या वाड्यांतील माजघरे किती अंधारी आणि कोंदट असत हे ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे. परंतु भिंत बांधणारा आणि उन्हाळ्याचा विचार करणारा हे दोन निराळे इसम आहेत, अशी कल्पना त्या लोकांना शिवली नव्हती. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामासाठी माणसे तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग निघाला, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वास्तुविद्येचा स्वतंत्र विभाग १९१३ साली उभा राहिला. एकाच इमारतीची दोन अंगे शिकविणाऱ्या या दोन शाळांमध्ये साठेक वर्षांचे अंतर होते, दोन शहरांचे होते, आणि पुढे दोन व्यवसायांचे झाले. युरोपात आणि अमेरिकेत ही फाळणी याच्या पुष्कळच आधी झालेली होती.

तथापि ही फाळणी घातक ठरली ती यंत्रांनी ती खपवून घेतली म्हणून. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्याकरिता हवेतील दमटपणा आवरण्याची योजना आखली, आणि तेथून वातानुकूलनाचा व्यवसाय वाढत गेला. मुंबईकरांना त्याचा थंडावा १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहात चाखावयास मिळाला. त्याच दशकाच्या अखेरीस प्रदीप्त नळीचे दिवे बाजारात आले आणि खिडकीपासून कितीही दूर बसून काम करता येईल अशी सोय झाली. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये पुरी झालेली ‘लीव्हर हाउस’ ही चोवीस मजल्यांची काचेची इमारत, जिच्या खिडक्या उघडतच नाहीत, ही या नव्या पर्वाची ध्वजा म्हणावी लागेल. यापुढे वास्तुविशारदाने इमारतीचे तोंड कोणत्याही दिशेला करावे, पश्चिमेकडे हवी तेवढी काच लावावी, आणि त्यातून उद्भवणारी उष्णता बाहेर काढण्याचे काम तळघरातील यंत्रांवर सोपवावे, यात कोणालाच काही वावगे वाटेनासे झाले.

कामाची वहिवाट अशी पडली की, सरकारी कचेरीतील कागद जसा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकतो आणि प्रत्येक कारकून आपला शेरा मारून तो पुढे ढकलतो, तसा इमारतीचा नकाशा प्रथम वास्तुविशारदाकडून संरचना-अभियंत्याकडे, त्याच्याकडून वातानुकूलनाच्या सल्लागाराकडे, तेथून विजेच्या आणि शेवटी नळकामाच्या माणसाकडे जाऊ लागला. वातानुकूलनाच्या सल्लागाराने नकाशा हाती पडल्यावर काचेचे चौरस फूट मोजावयाचे, त्यावरून किती टनांची यंत्रे लागतील याचा हिशेब करावयाचा, वर थोडी भर घालावयाची, आणि डक्ट कोठून न्यावयाची ते पाहावयाचे. मग ती डक्ट हमखास एखाद्या तुळईला आडवी येत असे, आणि तंटा मिटविण्यासाठी सबंध मजल्याचे फॉल्स सीलिंग वीतभर खाली उतरत असे. दिशा, रुंदी, भिंत, खिडकी यांविषयी त्याने काही बोलावे अशी अपेक्षाच नव्हती. शिवाय त्याचा मेहनताना अनेक ठिकाणी यंत्रसामग्रीच्या किमतीच्या टक्केवारीवर ठरत असल्याने, ज्या सल्लागाराने डोके चालवून निम्मी यंत्रे वाचवावीत त्याचे स्वतःचे उत्पन्नही निम्मे व्हावे, अशी ही व्यवस्था होती. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १९८२ साली ‘रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन करणाऱ्या दांपत्यापैकी एमरी लोव्हिन्स यांनी १९९२ साली एका प्रबंधात या उलट्या न्यायाची सविस्तर छाननी केली, आणि इमारतीच्या कामाशी संबंध येणाऱ्या डझनावारी पक्षांपैकी जवळजवळ प्रत्येकाला उधळपट्टीच फायद्याची कशी ठरते, हे दाखवून दिले. त्यांचे म्हणणे असे की यात दुष्टपणा कोणाचाच नाही. प्रत्येक जण आपापल्या कराराप्रमाणे अगदी इमानाने वागतो, आणि इमारत तेवढी बिघडते.

या वहिवाटीविरुद्ध पहिली तक्रार ऊर्जेच्या बाजूने आली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर टेक्सासमधील एका महाविद्यालयात शिकविणारे विल्यम कॉडिल आणि जॉन रौलेट हे दोन वास्तुविशारद व्यवसायात उतरले, आणि १९४८ साली त्यांना ओक्लाहोमा राज्यातील ब्लॅकवेल गावच्या शाळांचे काम मिळाले. गाव शेकडो मैल दूर, शाळा-समितीच्या सभासदांचे एकमत होईना, आणि प्रत्येक खेपेस नकाशे घेऊन जावे व नकार घेऊन परतावे यात पैसा आणि धीर दोन्ही सरू लागले. तेव्हा त्यांनी आपले आरेखनाचे फलक मोटारीत घातले आणि त्या समितीच्या सभागृहातच बिऱ्हाड मांडले. दिवसभर रेघा ओढाव्यात, शिक्षक, समितीचे सभासद, जो कोणी येईल त्याने हरकती घ्याव्यात, आणि त्या तेथल्या तेथे निकालात निघाव्यात, असा क्रम सुरू झाला आणि आठवड्याभरात काम मार्गी लागले. ही युक्ती पुढे त्यांच्या कंपनीची रीतच होऊन बसली, आणि संघाने करावयाच्या वास्तुकलेवर कॉडिल यांनी १९७१ साली एक ग्रंथही लिहिला. निकडीतून सुचलेल्या उपायाला मागाहून तत्त्वज्ञान जोडले जावे, हे व्यवसायांच्या इतिहासात पुष्कळदा घडते. पण येथे उपाय तत्त्वज्ञानाहून सरस होता असे माझे मत आहे.

इंधनाचा प्रश्न या मसलतीत दाखल झाला तो १९७३ साली. ऑक्टोबरच्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब राष्ट्रांनी ज्या थोड्या देशांचे तेल अजिबात बंद केले त्यांत अमेरिकेच्या जोडीने हॉलंड हा चिमुकला देश होता, आणि त्या वर्षीच्या ४ नोव्हेंबरपासून तेथे रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. ज्या राष्ट्राने समुद्र हटवून जमीन मिळविली त्याला टंचाई नवी नव्हती. परंतु रिकाम्या राजरस्त्यांवरून सायकली हाकीत गेलेली ती पिढी पाचच वर्षांनी जेव्हा एका बँकेच्या संचालक मंडळात बसून नव्या मुख्य कचेरीचा विचार करू लागली, तेव्हा इंधनाची बाब अंदाजपत्रकात शेवटी न येता पहिल्याच पानावर आली, यात नवल ते काय?

ही बँक म्हणजे ‘नेदर्लंड्शे मिडेनस्टान्ड्सबँक’, अर्थात लहान व मध्यम व्यापाऱ्यांची बँक. १९७८च्या सुमारास ती आपल्या देशात चौथ्या क्रमांकाची, आणि लौकिकाने काहीशी जुनाट समजली जाई. नवी कचेरी अ‍ॅम्स्टरडॅमच्या आग्नेय भागात, बाइल्मर या उपनगरात बांधावयाचे ठरले, आणि ती जागाही साहेबलोकांनी परस्पर न ठरविता नोकरवर्गाचे मत घेऊन ठरविली. पुष्कळ नोकर त्याच बाजूला राहत होते. संचालकांनी वास्तुविशारद टॉन आल्बर्ट्स यांच्यापुढे जी मागणी मांडली, ती बँकेच्या भाषेत शोभणारी नव्हती. कला, नैसर्गिक सामग्री, सूर्यप्रकाश, झाडे, पाणी, शांतता आणि इंधनाची बचत हे सर्व एका इमारतीत नांदले पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता. बँकेचा हिशेबी स्वभाव मात्र पुढच्या कलमात प्रकट झाला: हे सगळे साधताना बाजारभावाने साध्या कचेरीला दर चौरस मीटरला जो खर्च येतो, त्याहून एक गिल्डरही अधिक खर्चावयाचा नाही.

या दोन कलमांची सांगड घालण्याचा एकच मार्ग होता, आणि तो वेळखाऊ होता. वास्तुविशारद, बांधकामाचे अभियंते, ऊर्जेचे जाणकार, उद्यानरचनाकार, चित्रकार-शिल्पकार आणि बँकेच्या बाजूने तिची स्वतःची माणसे, असा एक संघ नेमण्यात आला, आणि या संघाने बांधकामाला हात घालण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे केवळ विचार केला. संघाची शिस्त अशी की कोणत्याही शाखेचा निर्णय इतर शाखांच्या माणसांना समजल्याखेरीज पक्का धरावयाचा नाही. झाड कोठे लावावे यावर यंत्र-अभियंत्याने बोलावे आणि हवा कशी खेळवावी यावर शिल्पकाराने प्रश्न विचारावा, हा प्रकार रूढ व्यावसायिकांना पोरकट वाटला असेल; निदान वेळेचा अपव्यय तर खासच वाटला असेल. १९८३ साली काम सुरू झाले आणि १९८७ साली संपले. टॉन आल्बर्ट्स आणि त्यांचे भागीदार मॅक्स व्हान हूट यांनी एका उंच चौकोनी ठोकळ्याऐवजी विटांचे दहा लहान-मोठे मनोरे नागमोडी ओळीत उभे केले, आणि त्यांना जोडणारा एक लांबच लांब अंतर्गत मार्ग काढला. इमारतीचे क्षेत्र सुमारे पन्नास हजार चौरस मीटर, आणि तिच्यात काम करणारी माणसे दोन हजारांवर. तरीही कोणाचेही मेज खिडकीपासून सात मीटरांपेक्षा दूर नव्हते.

हा सात मीटरांचा नियम म्हणजे सबंध मसलतीची गुरुकिल्ली होय, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. इमारत अरुंद ठेवावयाची म्हणजे बाहेरच्या भिंतीची लांबी वाढते, भिंत वाढली की विटांचा खर्च वाढतो, आणि हॉलंडच्या हिवाळ्यात उष्णता निसटण्याची वाटही वाढते. केवळ भिंतीचा जमाखर्च ज्याच्यापुढे आहे तो मनुष्य हा नियम पहिल्याच बैठकीत फेटाळून लावील, आणि त्याच्या परीने ते योग्यही ठरेल. परंतु त्याच मेजाशी दिव्यांचा हिशेब पाहणारा बसला असेल, तर तो सांगेल की दिवसाउजेडी काम चालल्याने दिवे थोडे लागतील. दिवे थोडे म्हणजे त्यांची उष्णता थोडी, म्हणून उन्हाळ्यात गारवा थोडा करावा लागेल, हे शीतनाचा अभियंता सांगेल. आणि भिंत पुरेशी जाड, आतून उष्णतारोधक थर दिलेली असली तर शीतनाची रूढ यंत्रणा बहुतांशी वगळताच येईल, हे दोघे मिळून सांगतील. वगळलेल्या यंत्रांचा पैसा मग जाड भिंतीकडे वळविता येतो. एका बाबीत वाढ आणि दुसऱ्या बाबीत घट, अशी ही वजाबाकी अगदी प्राथमिक शाळेतील आहे. ती करता येत नव्हती, कारण दोन्ही बाबींची खातेवही एका वेळी एका ठिकाणी उघडली जात नव्हती. भिंतीचा मक्ता दिल्यावर सहा महिन्यांनी जेव्हा यंत्रांचा सल्लागार येतो, तेव्हा भिंत जाड करण्याचा सल्ला त्याने कितीही कळकळीने दिला तरी तो ऐकावयास कोणी उरलेले नसते.

इमारतीच्या पोटातील तजविजीही याच जातीच्या आहेत. तळाशी सुमारे एक लाख लिटर गरम पाणी मावेल असे साठवण बसविलेले होते, आणि तेथील वीज-उष्णता जनित्रांच्या जोडीने उद्वाहकांच्या मोटारींतून व संगणकांच्या खोल्यांतून निघणारी फुकट जाणारी ऊब त्यात गोळा करण्यात येई. मनोऱ्यांच्या मध्यातून उजेडाचे चौक खाली उतरतात, आणि तेथे रंगीत धातूचे पत्रे टांगून कलावंतांनी तो उजेड तळापर्यंत परावर्तित केला. म्हणजे जी वस्तू शोभेची म्हणून अंदाजपत्रकातून प्रथम कापली जाते, तिने दिव्याचे काम केले. जिन्याच्या कठड्याचेही तेच. त्यात लहान लहान वळणदार पन्हळी कोरून पाणी वाहते ठेवले होते. वर चढणाऱ्याच्या हाताशी ते खळखळत असे, आणि कोरड्या हवेत थोडा ओलावाही राही. हा कठडा कलाखात्यात मोडतो की नळखात्यात, असा प्रश्न आपल्याकडच्या एखाद्या हिशेब-तपासनीसाने खचित उपस्थित केला असता.

फळ काय मिळाले, याचे आकडे पुढे रॉकी माउंटन इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केले, आणि १९९४ साली जोसेफ रॉम व विल्यम ब्राउनिंग यांनी हरित इमारतींच्या नफ्या-तोट्यावर लिहिलेल्या निबंधामुळे ते जगभर पसरले. बँकेच्या जुन्या मुख्य कचेरीला दर चौरस मीटरमागे जेवढी ऊर्जा लागे तिच्या एकदशांशाहूनही कमी ऊर्जेत नवी इमारत चालू लागली. ऊर्जाबचतीच्या योजनांवर जे सुमारे सात लक्ष डॉलर अधिक पडले ते तीन-चार महिन्यांच्या बचतीतच फिटले. आणि नोकरांच्या गैरहजेरीत पंधरा टक्क्यांची घट झाली. या आकड्यांपुढे मान तुकविण्याची घाई मात्र करू नये. जुनी कचेरी ज्या काळात बांधली त्या काळी उष्णतारोधनाची कोणी फिकीर केली नव्हती, आणि अशा वास्तूशी तुलना केल्यास कोणतीही नवी वास्तू पुण्यवान ठरते. गैरहजेरीचे म्हणाल तर, नवी जागा, घराजवळची कचेरी आणि वाढता लौकिक यांपैकी कशाने किती गुण आला, हे कोण सांगणार? याहून विश्वसनीय दाखला शेजारच्या, त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका बँकेच्या इमारतीचा आहे. तिला बांधणीचा खर्च अधिक आला आणि ऊर्जा दर चौरस फुटाला पाचपट लागत असे. दोन्ही बँकांना वीट, काच, यंत्रे एकाच बाजारातून मिळाली होती.

अमेरिकेत ही रीत प्रथम एका पक्षिप्रेमी संस्थेने लोकांच्या नजरेत आणली. ‘नॅशनल ऑडुबॉन सोसायटी’ने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील, जॉर्ज पोस्ट यांनी १८९१ साली बांधलेली आठ मजली इमारत विकत घेतली आणि रँडॉल्फ क्रॉक्स्टन व कर्स्टन चाइल्ड्स यांच्या हस्ते तिचे नूतनीकरण करून १९९२ साली तेथे आपले ठाणे हलविले. येथेही वास्तुविशारद, यंत्र-अभियंते आणि संस्थेचे शास्त्रज्ञ प्रारंभापासून एकत्र बसले. भिंती व छप्पर आधी सुधारल्याने गारव्याची व उबेची गरज एवढी घटली की दोन्हींसाठी वायूवर चालणारे एकच यंत्र पुरले. रद्दी कागद व इतर टाकाऊ जिनसा वेगवेगळ्या खाली सोडण्यासाठी सगळ्या मजल्यांतून चार उभे नळ काढले. अशी नळी काढावयाची तर ती स्लॅबमध्ये भोक पाडण्यापूर्वीच सुचली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु या रीतीचे शास्त्र बनले ते कॅनडात, आणि तेही काहीशा आडवाटेने. १९९३ साली तेथील सरकारच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने ‘सी-२०००’ नावाची योजना सुरू केली. नील्स लार्सन हे तिचे कारभारी. रूढ मानकाच्या निम्म्या ऊर्जेत चालणाऱ्या इमारती बांधून दाखवाव्यात, आणि त्यासाठी जी महागडी यंत्रे व सामग्री लागेल तिच्या जादा खर्चाला सरकारने अनुदान द्यावे, असा मूळ बेत होता. म्हणजे योजनेचे गृहीतकच असे होते की हरितपण विकत घ्यावे लागते. १९९६ साली पहिल्या इमारती पुऱ्या झाल्या. त्यांपैकी ऑन्टारिओ प्रांतातील किचनर गावची ‘ग्रीन ऑन द ग्रँड’ ही दुमजली कचेरी लहानशीच, पण मासलेवाईक आहे: शीतनयंत्राची उष्णता बाहेर टाकण्यासाठी गच्चीवर जो मनोरा बसवितात तो तेथे नाही, त्याचे काम अंगणातील शोभेचे तळे करते. उद्यानवाला आणि यंत्रवाला यांची भेट आधी झाली नसती तर तळेही झाले असते आणि मनोराही झाला असता, व दोहोंचे बिल मालकाने भरले असते.

कामे पुरी होता होता लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिशेबात एक विलक्षण गोष्ट आढळली. सामग्रीवरचा जादा खर्च धरला होता त्याहून बराच कमी येत होता, आणि मालक व सल्लागार, दोघेही लाभाचे श्रेय यंत्रांपेक्षा आरंभीच्या बैठकांना देत होते. सरकारी योजना आपल्या गृहीतकाविरुद्ध पुरावा मिळाल्यावर बहुधा पुरावाच दडपून टाकतात. येथे खात्याने योजना फिरविली. पुढे अनुदानाचा रोख सामग्रीवरून हलवून रचनेच्या आरंभकाळावर ठेवण्यात आला: बैठका चालविणारा एक तटस्थ सूत्रधार, ऊर्जेचे गणित मांडणारा एक जाणकार, आणि पहिल्या आराखड्याच्या आधी सर्वांनी एकत्र घालविलेले दिवस, यांचा मेहनताना सरकारने द्यावा असे ठरले. सबंध विषयाच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक टप्पा, असे मला निःशंकपणे वाटते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या बँकेपाशी पैसा होता, हट्ट होता आणि एक विक्षिप्त प्रतिभेचा वास्तुविशारद होता. किचनरसारख्या गावच्या सामान्य मालकाला तीच गोष्ट साधते हे कॅनडातील कारकुनी हिशेबाने सिद्ध केले. १९९७ ते २००२ या काळात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी नॉर्वेच्या आने ग्रेते हेस्टनेस यांच्या सूत्रचालनाखाली या पद्धतीचा अभ्यास करून तिचे मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केले, आणि ‘एकात्मिक रचना-पद्धती’ या नावाने ती पाठ्यक्रमांत जाऊन बसली.

हिंदुस्थानात ही रीत हैदराबादच्या वाटेने आली. भारतीय उद्योग महासंघ, तत्कालीन आंध्र प्रदेश सरकार आणि मुंबईच्या गोदरेज घराण्याचे पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठान यांनी मिळून सोहराबजी गोदरेज यांच्या नावे एक हरित केंद्र उभारले. वडोदऱ्याचे करण ग्रोव्हर हे त्याचे वास्तुविशारद. अमेरिकेच्या ‘लीड’ मानांकनातील प्लॅटिनम ही सर्वोच्च श्रेणी त्याला २००३ साली मिळाली, आणि १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले. मधला चौक, जाळ्या आणि छपरावरची हिरवळ पाहून येणारे पाहुणे परंपरेचे कौतुक करून परत जातात. माझ्या मते पाहावयाची वस्तू तेथील दोन वायुमनोरे ही आहे. जुन्या पद्धतीच्या या मनोऱ्यांतून उतरताना हवा काही अंशांनी निवते आणि मग ती थेट खोलीत न जाता वातानुकूलनाच्या यंत्रात शिरते, त्यामुळे यंत्राचे ओझे हलके होते. मनोरा हा गवंड्याचा आणि यंत्र हे अभियंत्याचे. त्या दोहोंच्या मधला जोड कोणा एकाच्या नकाशात आपोआप उमटत नाही.

याच शहरात पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या आकड्यांविषयीची माझी शंका फेडणारा एक प्रयोग झाला. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिस कंपनीने हैदराबादच्या आवारात २०११ साली एक कचेरी बांधली, आणि तिचे दोन समान भाग करून एका भागात नेहमीचे, पण उत्तम प्रतीचे वातानुकूलन व दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गार पाणी खेळविण्याची पद्धत योजिली. भिंती, खिडक्या, दिशा, कामाचे तास, सगळे सारखे. नळ्यांचा भाग दुसऱ्या भागाहून सुमारे ३४ टक्के कमी विजेत चालतो असे मोजणीत आढळले, आणि त्याला बांधणीचा खर्चही किंचित कमीच आला. आता, ज्या नळ्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पुरावयाच्या, त्यांचा विचार स्लॅब ओतल्यानंतर करता येत नाही. आणि एवढ्या सौम्य गारव्यावर भागावे म्हणून ऊन खिडकीबाहेरच अडविले पाहिजे, म्हणजे छज्जाही त्याच दिवशी ठरला पाहिजे. अशा इमारतीत संरचनेचा, यंत्रांचा आणि दर्शनी भागाचा सल्लागार यांना एकमेकांची तोंडे पाहिल्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या त्या इमारतीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली विलीनीकरणातून बँकेचे ‘आयएनजी’ हे नवे रूप झाले, त्या बँकेने नंतर आपले मुख्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला एका काचेच्या वास्तूत हलविले, आणि ‘वाळूचा किल्ला’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विटांच्या मनोऱ्यांत आता राहती घरे झाली आहेत. सात मीटरांत खिडकी असलेली अरुंद कचेरी घरांसाठी सहज वापरता येते. खोल पोटाच्या काचेच्या ठोकळ्यांवर ती वेळ आली की मधल्या अंधाराचे काय करावे हे कोणालाच सुचत नाही.

आपल्याकडे मात्र अद्याप मानांकनाचा सल्लागार बहुधा नकाशे मंजूर झाल्यावर, कित्येकदा तर पाया भरल्यावर नेमला जातो, आणि मग हरितपण म्हणजे सौरपट्ट, काचांचे प्रकार व प्रमाणपत्राची चौकट एवढेच उरते. यात एकट्या मालकाचा दोष नाही. फीचे करार टप्प्याटप्प्यांचे, निविदा स्वस्तातल्या स्वस्त सल्लागाराची, आणि बैठकांच्या दिवसांना अंदाजपत्रकात मुळी स्वतंत्र बाबच नाही, असा हा कारभार आहे. ज्याला बदल करावयाचा असेल त्याने आरंभ त्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानापासून करावा. मानांकन देणाऱ्यांनाही या पद्धतीची किंमत उशिराच कळली. ‘लीड’च्या २०१३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत एकात्मिक पद्धतीला गुण देण्यात आले, आणि नव्या इमारतींच्या एकूण ११० गुणांपैकी तिच्या वाट्याला एक गुण आला. त्या आवृत्तीत सायकली ठेवण्याच्या सोयीलाही तेवढाच एक गुण होता.